पुसणं

काउंटीच्या नकाशावर इथं नुसतं 'रान' लिहिलंय.
पाइनची झाडं, सरकी काढायच्या जुन्या गिरणीची मागची भिंत,
आणि मधे लाल मातीत आमची माणसं.
दगड परवडला ते दगडाखाली,
बाकीचे युक्काच्या झुडपाखाली.
सुईसारखी पानं असतात त्याची. एकदा उशाशी लावलं
की पिढ्या जातात, झुडूप जात नाही.

महिन्यातला दुसरा शनिवार.
डेलफीन एरवी शाळेत इतिहास शिकवते,
इथं बादल्या मोजते.
"ब्लीच नाही. तारेचा ब्रश नाही. साबणसुद्धा नाही.
साधं पाणी, मऊ ब्रश, आणि खालून वर.
संगमरवर दिसतो कणखर,
पण वर्षानुवर्षं छळलात तर साखरेसारखा विरतो."
मुलं हसली. एकानं दगड चाटून पाहिला.

कॉर्नेल सळई टोचत पुढे गेला.
माती जिथं कुरकुर न करता सळई आत घेते
तिथं कुणीतरी आहे.
पिवळं निशाण. दोन पावलं. पुन्हा पिवळं निशाण.
जेवणाच्या आधीच निशाणं संपली,
मग आम्ही आइस्क्रीमच्या काड्या खोचल्या.

मिस लुव्हेनिया आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.
डोक्यावर चर्चची टोपी, गुडघ्याला पट्टा,
कापडी पिशवीत तारेचा ब्रश
आणि ब्लीचची बाटली, टोपणाभोवती फडकं गुंडाळलेली.
डेलफीन उशिरा आलेल्यांना नियम सांगत होती,
समोर कोण उभंय ते न बघता.

"दर ईस्टरच्या आधी," मिस लुव्हेनिया म्हणाली,
"त्रेचाळीस वर्षं."
मग बराच वेळ काही म्हणाली नाही.

आम्ही तिच्या आईचा दगड पाहिला.
अख्ख्या आवारात तेवढा एकच पांढराशुभ्र,
हात फिरवला तर धुऊन पुसलेल्या ताटासारखा.
शेजारच्या दगडाकडे
१९२० नंतर कुणी फिरकलं नसावं.
त्याच्यावर शेवाळाखाली अक्षर न् अक्षर शाबूत,
तारखेतल्या स्वल्पविरामासकट.

आरसा धरायचं काम माझं.
बहिणीच्या कपाटाचं दार काढून आणलं होतं.
उन्हाचा कवडसा पकडायचा,
दगडाच्या अंगावरून आडवा सरपटत न्यायचा,
म्हणजे विसरलेली अक्षरं सावली टाकतात.
सकाळपासून अकरा नावं अशी उठली होती.
इथं उठली एक तिरकी रेघ.
झेड असेल. तिच्याच ब्रशाचा ओरखडाही असेल.
माझे दंड भरून आले, तरी मी आरसा हलवला नाही.

डेलफीननं वही उघडली.
क्रमांक, दगड, नाव, साल,
आणि शेवटचा रकाना: कशावरून.
"आईचं नाव काय, मिस लुव्हेनिया?"

त्रेचाळीस वर्षं ती एकटीच पुसत होती.
तिला कुणी पुसलं नव्हतं.

"अर्झेला," ती म्हणाली. "अर्झेला मे. मे वेगळं लिही.
दोन्ही नावांनी हाक मारली तरच ओ द्यायची.
जन्म कापूस वेचणीतला. साल तिलाच ठाऊक नव्हतं,
दगडावर त्यांनी अंदाजे ठोकून दिलं होतं.
ते गेलं ते एक बरंच झालं."
कुणीतरी हसलं, मग गप्प झालं,
मग ती स्वतःच हसली, डोळे टिपत.

डेलफीननं शेवटच्या रकान्यात लिहिलं:
मुलीनं सांगितलं.

बाटली तशीच पिशवीत गेली, न्हाणीघराला होईल म्हणून.
मी आरसा खाली ठेवला. ऊन पाइनच्या शेंड्यांत जाऊन बसलं.
मिस लुव्हेनिया शेजारच्या दगडासमोर
पट्टा सावरत खाली बसली.
"हा कोण गं?"
नाव तर सगळ्यांनी वाचलं.
कोण ते कुणालाच माहीत नव्हतं.
तिनं मऊ ब्रश बादलीत बुडवला.

"खालून वर ना?" म्हणाली.