वायसर

शेंडे प्लंबर तीन आठवडे
"निघूनच राहिलो, काकू" म्हणतो.
शेवटी मीच,
मेन कॉक बंद करून,
मानेवाड्याच्या उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा,
अंगणातल्या तोटीसमोर पाना घेऊन उकिडवी.

फिरेचना.
थोडं खोबरेल, थोड्या शिव्या,
मग करकरत सुटली.

आत वायसर नव्हतंच.
निळ्या स्लिपरची चकती,
कात्रीनं कापलेली, एका बाजूनं चपटी.
यांचं काम.
आणि मी तेव्हा टाचेतलं ते गोल भोक बघून
गल्लीतल्या कुत्र्यावर आळ घेतला होता!
हेही काही बोलले नाहीत,
कुत्र्याला दगड मारताना बघत बसले.

नवं बसवलं, पाच रुपयांचं.
टिपटिप थांबली.
खालच्या पुदिन्यानं दुसऱ्याच दिवशी मान टाकली,
त्याला आता तांब्यानं घालते.

चकती सुयांच्या डबीत आहे.