वगळून पाहिलेला नकाशा

हाम्बुर्ग, रात्रीचे पावणेतीन.
कड्याच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन फिरताहेत
घाण्याच्या बैलासारखे;
त्यांच्या घामाचा उजेड, तेवढा आमच्या वाट्याचा.
कॉफीच्या यंत्राने मघाशीच मान टाकली.

ट्रेवर अक्षर हाउकेचं: सात मार्च. हलवू नका.
त्याच्याच हातचे स्फटिक,
थेंबाच्या पोटात वाढलेले, मिठाच्या खड्याहून बारीक.
मी एक उचलते नायलॉनच्या फाशात, श्वास धरून.
तो असता तर म्हणाला असता,
घाई कसली, मासा काही पळत नाही.

तीन महिने झाले, हाउके येत नाही.
त्याच्या फुप्फुसात याच कुळातलं एक कायनेज
'थांब' हा शब्द विसरून बसलंय.
याच कुळातलं. हेच नव्हे.
त्याचं औषधही वेगळं.
लोक विचारतात, म्हणून सांगते.

पडद्यावर ठिपके, मग गणित, मग निळी जाळी.
जाळीत प्रथिनाच्या दोन पाकळ्या, मध्ये बिजागरी,
बिजागरीपाशी खोबण,
आणि खोबणीच्या तोंडाशी राखणदार, एकच थ्रिओनिन.
त्याच्या जागी मेथिओनिन येऊन बसलं
की औषध उंबऱ्यावरूनच परत.

खोबणीत काहीतरी आहे.
औषध असावं.
असावं असं मला फार वाटतं,
आणि माणूस घसरतो तो नेमका इथे:
आपण जे ठेवलं तेच नकाशा परत दाखवतो,
लाडावलेल्या आरशासारखा.

म्हणून रीत अशी, की औषध काढून टाकायचं.
अणू अन् अणू.
बिजागरीला धरलेली हायड्रोजन-बंधांची दोन बोटंही सोडवायची,
जागा रिकामीच आहे असं समजून
सगळं पुन्हा मोजायचं.
खरंच कुणी असेल तिथे,
तर पोकळी त्याचा आकार धरून राहते.

अकरा मिनिटं लागतात.
तेवढा वेळ मी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं नाही.

जाळी आली. हिरवी,
एका टोकाला फाटलेली,
तरी ओळखू येणारी: एक कडं, दुसरं कडं, मधला सांधा.
फाटक्या टोकाशी नुसतं पाणी.
तिथे मी काही भरलं नाही.

हाउकेला लिहिलं: तुझा थेंब फळला.
एक पूर्णांक नऊ अँगस्ट्रॉम. औषध आहे.
शेपूट मात्र दिसत नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर:
शेपूट वळवळत असेल, तिला कुठे थारा.
खरं सांग, व्हीबके,
ट्रे हलवलास ना?