पंचवीसचा कट्टा

कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये आम्ही एकवीस जण,
गळ्यात वाचनालयाच्या शिक्क्याची ओळखपत्रं,
पिशवीत कडक भाकरी,
आणि गजेली सरांची एकच सूचना: वहीत लिहा.

दिल्लीत सगळं दारावरच काढून घेतलं.
फोन, वह्या, रेणुकाचं पेन,
नागनाथच्या खिशातली शेंगाचटणीची पुडीसुद्धा
शिपायानं हुंगून बाजूला ठेवली.

आत अधिवेशन नव्हतं.
सज्जातून दिसल्या नुसत्या खुर्च्या,
हिरव्या, ओळीनं, गप्प.
लिहायला काही नाही, म्हणून मोजल्या,
अम्मा बिड्या मोजते तशा,
पंचवीसचा एक कट्टा,
पंचवीसचा अजून एक.
बाराव्या कट्ट्याला ‘चलो, आगे चलो’ झालं
आणि हिशेब तुटला.

सोलापुरात परतलो तेव्हा
अम्मा दारात, मांडीवर सूप, हातात कात्री.
‘एम चूसिनव रा?’
काय पाहिलं म्हणून सांगू?
खुर्च्या, म्हटलं. थोड्या मोजायच्या राहिल्या.

ती हसली नाही.
दातानं दोरा तोडला.
‘रिकाम्या कशाला मोजल्यास?
आमच्याकडं तर
भरलेल्यातूनसुद्धा छाट काढतात.’

रात्री वहीत तेवढंच लिहिलं.
सरांनी एक वेलांटी सुधारली
आणि सही केली.