येत्या काही आठवड्यांत

बुटांचं दुकान आणि प्रेट्झेलचा ठेला यांच्या मधे
कंपनीचं हे स्वतःचं दुकान.
दलाल नाही, घासाघीस नाही, भिंतीवर घड्याळही नाही.
मधोमध एकच गाडी, ओल्या पाटीच्या रंगाची.
तिला मी दर तासाला पुसते,
कारण टोलीडोची निम्मी पोरं
तिच्या काचेला नाक लावून गेलेली असतात.

दारं उघडतात. सीट मागेपुढे होते.
चाकं मात्र फिरत नाहीत.
चालवून बघायची गाडी येणार आहे,
येत्या काही आठवड्यांत.
हे वाक्य वरून आलंय, जसंच्या तसं म्हणायचं.
'लवकरच' म्हणायचं नाही.

यादीत पहिलं नाव व्हर्ल हॉस्टेटलर.
वय एकाहत्तर, शाळेच्या बसवर तेहतीस वर्षं.
दर गुरुवारी येतो, टोपी काढतो,
बोनेटवर हात ठेवतो, ताप बघावा तसा.
"अजून थंडच," म्हणतो.
मग आत बसून आरसे लावून घेतो.
गेल्या गुरुवारी लावलेले
कुणीतरी हलवलेले असतात.

एकदा विचारलं, तुम्हाला हीच का हवी?
म्हणाला, पहाटे पावणेपाचला बस सुरू करायचो.
डिझेल ते. जानेवारीत वीस वीस मिनिटं खोकायचं.
समोरची मिसेस पाव्लाक माझ्यावर घड्याळ लावायची,
कोपऱ्यावरचा कुत्रा शिव्या घालायचा.
तेहतीस वर्षं अख्खी आळी उठवली, पोरी.
एकदा तरी कुणाची झोप न मोडता
घराबाहेर पडायचंय.
कुठं जाणार?
ते काही ठरलं नव्हतं.
तळ्याकडे, म्हणाला. नाहीतर डोनट आणायला. बघू.

खरं सांगायचं तर मीही चालवलेली नाही.
शून्य ते साठ मला सेकंदांसकट पाठ आहे.
वळणावर कशी वागते विचारलं, की म्हणते,
"जमिनीला धरून असते,"
मुलगी न बघताच मध्यस्थानं
तिचे गुण सांगावेत तशी.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी, एक बाई आली एकटीच.
ओला कोट, हातात ग्रंथालयाची पिशवी.
मी लोर्ना, म्हणाली. व्हर्लची. त्याला सांगू नकोस.
गाडीकडे तिनं धड पाहिलंही नाही.
ही आवाज करतच नाही का?
मी तोंडपाठ सुरू केलं: शांत केबिन,
हळू जाताना पादचाऱ्यांसाठी बारीक गुणगुण…
तसं नाही गं, ती म्हणाली.
त्यानं गाडी आत घेतली
की वरच्या खोलीत मला कळेल का?
सामन्यांच्या रात्री पोरांना घेऊन तो उशिरा यायचा.
मी दिवा मालवून पडलेली असायचे.
इंजिन दारात येऊन बंद झालं
की मग झोपायचे.

माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं.
म्हटलं, खडीवर टायर वाजतील.
आमच्याकडे खडीवर मार्चपर्यंत बर्फ असतो, ती म्हणाली.

मग तिनं यादी मागून घेतली,
व्हर्लच्या खाली आपलं नाव लिहिलं,
आणि लोक फोन नंबर लिहितात त्या रकान्यात:
मागच्या सीटवर, डोळे मिटून.

गुरुवारी तो आला.
यादी वाचली असावी, किंवा नसावीही,
चष्मा खिशातच होता.
फक्त मधला आरसा
बराच वेळ नीट करत राहिला.
कधी, त्यानं विचारलं नाही. मीही वाक्य म्हटलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये त्याची जुनी व्हॅन
तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर सुरू झाली.
मला इथं ऐकू आली,
दोन दारं आणि प्रेट्झेलची भट्टी ओलांडून.
दूर जाईपर्यंत ऐकली.
मग फडकं घेतलं. काचेवर नाकं होती.