तज्ज्ञ

या शब्दात ज्ञच्या आधी एक अर्धा ज असतो.
एकतीस वर्षं मी तो घालत आले,
दिवाळी अंकांत, निमंत्रणांत, पतपेढ्यांच्या अहवालांत.
लोक तो गिळतात आणि त्यांना काही होत नाही.

मग मार्चमध्ये एका काळ्या चौकटीत
'प्रथम पुण्यस्मरण'चं 'पुण्यमरण' छापून गेलं.
प्रुफावर 'तपासले', खाली माझी सही.

त्यानंतर ओळ दिसायची, पोचायची नाही.
एकच परिच्छेद अकरा वेळा.
पहाटे साडेतीनला जाग. पंख्याची पाती मोजायची,
ती तीनच निघायची.

नवी पेठेतल्या खळदकर डॉक्टरांनी रक्त काढलं.
बी-ट्वेल्व्ह कमी, थायरॉईड बरं.
"पर्वती चढा रोज," म्हणाले.
चढले. वरून सगळं पुणं दिसलं,
त्यात जायचं कुठं ते दिसलं नाही.
नणंदेनं एक पत्ता दिला,
तिथं आधी पत्रिकाच मागितली.

मग मी पाट्या वाचत हिंडले.
कर्वे रस्ता, डेक्कन, पौड फाटा.
मनोविकारतज्ञ. अर्धा ज नाही. पुढे चला.
मानसोपचार तज्ज्ञ. मधे जागा सोडलीय. पुढे चला.
हसू नका.
भीतीला निमित्त लागतं,
माझ्याकडे शुद्धलेखन होतं.

शेवटी बाइंडिंगचा कोंडाळकर,
खळ लागलेल्या हातानंच चिठ्ठी लिहून म्हणाला,
"मी सहा वर्षं जातोय यांच्याकडे."
सहा वर्षं! शेजारच्या टेबलावर.

डॉ. गुमास्ते. बारा मिनिटं.
झोप विचारली, भूक विचारली,
आणि त्याच स्वरात, जीव नकोसा होतो का.
इतकं साधं विचारलं की मीही खरं सांगून टाकलं.
रात्री अर्धी गोळी.
झोप आली परत, भाडेकरूसारखी,
सामान न सोडता.
पुढच्या महिन्यात म्हणाले,
"गोळीचं काम गोळी करतेय.
उरलेलं ऐकायला जो वेळ लागेल
तो माझ्या ओपीडीत नाही.
समुपदेशक गाठा. गोळी मात्र मला न विचारता सोडू नका."
कुणी आपल्या कामाची हद्द अशी सांगितली
की मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

कोथरूडच्या बाई चाळीस मिनिटांत
सात वेळा 'पॉझिटिव्ह' म्हणाल्या.
मी मोजत बसले, त्या बोलत बसल्या.
दोघींनी नीट नमस्कार केला.

आणि मग रास्ता पेठ, झेरॉक्सच्या दुकानावर,
रेहाना तांबोळी.
पाटीवर 'समूपदेशन'.
मू दीर्घ.
जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले.
वर गेले, कारण पैसे आगाऊ भरले होते.

तिनं कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला नाही.
'पुण्यमरण' ऐकून जरा हसली, मग मीही हसले,
मार्चनंतर पहिल्यांदा.
मग म्हणाली, "त्या घरचे काय म्हणाले?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

काही नाही म्हणाले. फोनच आला नाही त्यांचा.
"म्हणजे तुम्ही अजून..."
हो. आठ महिने.
प्रत्येक रिंगला.
दूधवाल्याच्या, बँकेच्या, चुकून लागलेल्या.

ती गप्प राहिली.
खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं,
एकाच कागदाच्या कितीतरी प्रती काढत.

अजून ओळी निसटतात. अर्धी गोळी चालू आहे.
पण पाचव्या मंगळवारी वर जाऊन बसल्यावर लक्षात आलं,
पाटी वाचायची राहिली.
तिला सांगितलं. मूचंही सांगून टाकलं.
"अहो, चार वर्षं झाली पाटीला," ती म्हणाली,
"कुणी बोललंच नाही!"

जाताना बघू.
लाल पेन पर्समध्ये असतंच.