राखेत रात्रभर

मोहनीश लांजेवारची ऑक्टेव्हिया तिसऱ्यांदा आली
तेव्हा दुपारचे तीन, ऑटोमोटिव्ह चौकातलं डांबर
चपलेसोबत उचलून येत होतं.
"बारा पौंडावर बांधलं होतं ना बे तू,
मंग सुई सतराले काहून जाते?"

टर्बो उतरवला. कूलरसमोर पोत्यावर ठेवला, उताणा.
आतल्या बाजूला एक झडप,
जुन्या रुपयाएवढी.
जाळ सगळा चाकाकडे धावतो
आणि त्यातला जो जास्तीचा
त्यानं ह्या मोरीतून निमूट निघून जायचं,
पुढे त्याच पाइपात मिसळायचं,
कोणाला कळू न देता.
थोडं असतं तोवर निभतं.
गाडीनं श्वास मोठा घेतला
की झडप सताड उघडी असूनही
दाब चढतच राहतो.
"झडप खराब नाही," मी म्हटलं,
"मोरी लहान आहे."
हे पटायला मोहनीशला दोन चहा लागले.

गेट बाहेर बसवायचं ठरलं.
आधी जुनी झडप बंद. कायमची. चार टाके.
मग भिंतीत अडतीस मिलिमीटरचं भोक,
सरळ नाही, तिरपं,
जाळ जिकडे निघालाय तिकडेच झुकलेलं.
त्याला वळायला लावलं की तो ऐकत नाही.

वेल्डिंगला गिऱ्हेपुंजे. डाव्या भुवईला केस नाहीत.
"बीड आहे हे," ते म्हणाले,
"याच्याशी भीड ठेऊनच बोला लागते."
मे महिन्यानं अर्धं तापवलंच होतं,
उरलेलं बर्नरनं.
निकेलची कांडी. इंचभर टाका, थांबा.
हातोडीनं हलकं ठोका, थांबा.
घाई केली की मागे तडा जातो
आणि आवाज करतो, बोट मोडल्यासारखा.

बाबा सगळं स्टुलावरून बघत होते.
अठ्ठावीस वर्षं कोराडीला, बॉयलरवर.
घरात त्यांचा आवाज कधी चढला नाही.
फक्त झोपेत दात खायचे,
भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं,
मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा खातात.

ते उठले, घरी गेले,
कुंड्यांसाठी आणलेलं राखेचं पोतं
स्कूटरवर पायाशी धरून घेऊन आले.
तीच राख, प्लांटची, पिठासारखी.
"यात पुर. सकाळपर्यंत हात लावू नको."
आणि खरंच रात्रभर बसले तिथे,
मध्येच राखेवर तळहात धरून
ताप बघितल्यासारखे.

सकाळी ठोकून पाहिलं. टण्ण.
फ्लँजच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ निघालीच.
गिऱ्हेपुंजे स्वतःलाच शिवी देऊन पुन्हा बसले.
पुन्हा राख. पुन्हा एक रात्र.

तिसऱ्या पहाटे जामठ्याकडे, रिंग रोडला.
मोहनीश चालवत, मी सुईकडे बघत,
मागच्या सीटवर बाबा, हाती पंचा.
तिसऱ्या गिअरला गेट उघडलं:
जाड ताडपत्री टरकन फाटावी तसं,
बाहेर, थेट हवेत.
ढाब्यावरची कुत्री उठून उभी राहिली.
सुई बारावर. बारावरच.
"आवाज लईच हाय बे," मोहनीश ओरडला.
"होणारच," बाबा म्हणाले. "पुन्हा उघड."

सात वेळा उघडायला लावलं त्यांनी.

परतताना चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे.
दोन घास खाऊन बाबांनी प्लेट खाली ठेवली
आणि मोठ्यांदा, आजूबाजूला बघत,
"तर्री पानचट आहे. काल पण होती."
मी प्लेटमध्ये बघत राहिलो.
ठेलेवाल्यानं एकदा वर पाहिलं,
तळाशी पळी घालून
लालभडक तर्री ओतली.

रस्त्याच्या कडेला गाडी
थंड होताना टिक टिक करत होती.