इतिवृत्त

सूर नावाच्या गावात राहते मी.
आईला वाटायचं, गाणंबिणं असेल तिथे.
इथे समुद्र आहे, गॅसचा प्लांट,
वखारीत उभे गलबतांचे अर्धे सांगाडे
आणि आपल्या मुलांची एक शाळा,
जिच्या व्यवस्थापन समितीवर मी निवडून आले;
म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.
अक्षर बरं म्हणून चिटणीस केलं.

बैठक गुरुवारी, इशाच्या अजानेनंतर,
तिसरी ब च्या वर्गात,
कारण हॉलमध्ये संमेलनाची तालीम.
सात मोठी माणसं, गुडघे दुमडून लहान बाकांवर.
फळ्यावर कोणीतरी लिहून ठेवलेलं : पुसू नये.
खाली काहीच नव्हतं.
आम्ही पुसलं नाही.

विषय एक, बसचा एसी.
विषय दोन, गणिताच्या बाई मस्कतला निघाल्या,
तिकडे चाळीस रियाल जास्त.
विषय तीन, फीवाढ, दोन रियाल की तीन.
मधल्या त्या एका रियालवर तास गेला.
कुणाची फी कंपनी भरते, कुणाची नाही,
हे कोणी बोलत नाही;
आवाजावरून कळतं.

विषय चार. आमद इसाक, कच्छ-मांडवीचा सुतार,
गलबतं बांधणारा.
आपले पन्नास बाक दुरुस्त केले त्याने,
एकशे दहा रियाल.
खजिनदार थंकच्चन म्हणाले, तीन दरपत्रकं कुठायत?
लेखापरीक्षक धरतील. पुढच्या बैठकीत बघू.
मी लिहिलं : तहकूब.

पाच आणि सहा काय होते
ते वहीत बघावं लागेल.

विषय सात, थकबाकीदार.
फी नाही तर हॉल तिकीट नाही.
यादी वाचत गेले राव,
बाजारात दर वाचावेत तशी,
आणि सातवी अ मध्ये आली
झुलेखा आमद इसाक, चौऱ्याऐंशी रियाल.

माझं पेन थांबलं.
म्हटलं, अहो, हा तोच.
कोण तोच?
ज्याचं आपण देणं लागतो.

थंकच्चन वाईट माणूस नाही.
त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.
ताई, हेड वेगळं आहे, म्हणाला.
ती फी. ही दुरुस्ती.
एकाचं दुसऱ्यात वळतं नाही करता येत.

मी बाकावर हात टेकला.
गेल्या वर्षी हा डुगडुगायचा.

चार विरुद्ध तीन.
त्या चौघांचंही खोटं नव्हतं.
मार्चचा पगार एप्रिलच्या नऊ तारखेला दिला आम्ही,
आणि शिपायाने तो घेताना
पाया पडायला वाकला, तेव्हा
आम्ही सगळेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.
अध्यक्ष परकार शेवटी म्हणाले, ठराव मंजूर.
इतिवृत्त मिळताच मुख्याध्यापिकांनी अंमल करावा.
मग उठताना, माझ्याकडे न बघता,
दापोलीकडच्या आमच्या बोलीत :
बाय, नीट लिव हां.

मिळताच.
हा शब्द घेऊन मी घरी आले.

परीक्षा रविवारपासून, दहा दिवस.
शुक्रवारी चादरी धुतल्या.
शनिवारी लेकाचा भूगोल घेतला.
सोमवारी मुख्याध्यापिकांचा फोन :
मॅडम, मिनिट्स?
लिहितेय, म्हटलं.
आधी मराठीत कच्चं करते, मग इंग्रजीत पक्कं.
पलीकडे शाळेची घंटा झाली,
मुलांचा गलका आला, मग शांत.
पेपर वाटले असणार.
सावकाश लिहा, त्या म्हणाल्या.
खाडाखोड नको.

आज आठवा दिवस.
मी विषय दोनवर आहे.
गणिताच्या प्रीताबाईंच्या नावात
वेलांटी पहिली की दुसरी,
ते बघते आहे.